तिसऱ्या खांबाचं पाणी

१

दर महिन्याच्या शेवटी मी स्वतःला पुसते. ती माझ्या कामाची पद्धतच आहे.

आमच्या पाणथळीच्या एका अंगाला बंधारा आहे आणि बंधाऱ्यावर बसथांबा. तिथल्या कठड्यावर मी एक लोखंडी पट्टी बसवून घेतली आणि तिच्यात मोबाइल मावेल एवढी खोबण ठेवली. बसची वाट बघणाऱ्यानं फोन त्या खोबणीत टेकवायचा, एक फोटो काढायचा आणि पाणथळीच्या नेटवरच्या पानावर टाकायचा. फोन कुणाचाही असो, कोन तोच. समोर पाणी, पाण्यात माझे चार खांब, खांबांवर सेन्सर, मागे लव्हाळ्याची कड आणि उजव्या कोपऱ्यात बंद पडलेलं पंपघर. त्याच्या वरच्या खोलीत मी राहते.

महिनाभरात असे ढीगभर फोटो जमतात. ते एकावर एक रचून मी संगणकाला देते. जी गोष्ट बहुतेक फोटोंत त्याच जागी असते तेवढीच तो ठेवतो, बाकीचं काढून टाकतो. उडता बगळा जातो. ढगाची सावली जाते. पिवळा रेनकोट घालून पाण्यात इकडून तिकडे फिरणारी मी जाते. जागचं न हललेलं तेवढं उरतं, म्हणजे पाणी कुठवर आलं, लव्हाळा किती पसरला ते. त्याला मी स्थिरचित्र म्हणते. पाणथळ बरी होतेय की नाही हे त्यात दिसतं, आणि खांबांवरच्या आकड्यांशी ते जुळलं की माझी खात्री पटते.

महिनाभर चिखलात राबायचं आणि शेवटी आपलाच पत्ता कट करायचा. मला यात गंमत वाटायची.

२

मी परत आले ती या पाण्यासाठी. शिकायला दूर होते तेव्हा तिथल्या एका दलदलीत मी गुडघाभर गाळात उभी राहिले होते. पन्नास वर्षं मेलेली जागा. लोकांनी फक्त पाण्याची वाट मोकळी केली होती, आणि ती आपली आपण उठून बसली होती. ते पाहिल्यावर मला तिथं राहवेना. आपल्याकडे हे का होऊ नये, एवढा एकच प्रश्न घेऊन मी आले, आणि दिसेल त्या साहेबाच्या टेबलापुढे जाऊन तो विचारत राहिले. शेवटी त्यांनी कंटाळून हो म्हटलं असावं.

अट मात्र घातली. बंधाऱ्याचा दरवाजा दोन वर्षं उघडा राहील. मुदतीअखेरच्या पाहणीत चारही खांबांपाशी पाण्यातला प्राणवायू लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर निघाला तर दरवाजा कायमचा उघडा. नाहीतर तो बंद करून जागेवर भराव टाकायचा आणि गोदामं बांधायची.

तीन खांब पहिल्याच वर्षी सुधारले. तिसऱ्यापाशी मात्र पूर्वी रंगाच्या कारखान्याचा गाळ टाकत. तिथलं पाणी दीडच्या वर जाईना. वास यायचा, आणि किडाही दिसायचा नाही. मुदत संपत आली होती.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"तिथं बोलायला कुणी आहे का तुला?"

"पानावर अकरा हजार माणसं आहेत, आई."

"त्या अकरा हजारांतलं कुणी तापात कपाळावर पट्टी ठेवायला येणार आहे का?"

"मला ताप येतच नाही."

"नाही ना? मग ठीक," ती म्हणायची. तिकडे टीव्हीचा आवाज, कुणाच्या तरी चपला, कुकरची शिट्टी. फोन ठेवला की माझ्या खोलीत खालच्या पाण्याची चुळबूळ तेवढी ऐकू यायची. मग मी पान उघडून नवीन फोटो आलेत का ते बघायची.

३

मुदत संपायच्या आदल्या महिन्याच्या स्थिरचित्रात तिसऱ्या खांबाच्या डावीकडे एक उभी रेघ होती. काळपट. खांबापेक्षा बारीक, थोडी बुटकी.

मला वाटलं, बुंधा असेल. पुरानं आणून सोडला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्यात उतरले, काठीनं गाळ चाचपला. खाली सगळं गुळगुळीत. बुंधा नाही, दगड नाही.

पण मला माझे गमबूट दिसत होते. तिसऱ्या खांबापाशी याआधी मला पाण्यातला स्वतःचा गुडघाही कधी दिसला नव्हता. बुटांभोवती नखाएवढे मासे फिरत होते. मी प्राणवायूचा मीटर बुडवला. साडेतीन. मी एकटीच मोठ्यानं हसले, माशांचा फोटो काढून पानावर टाकला आणि रेघ विसरून गेले.

आठवली ती दुपारी. मग मी महिन्याचे फोटो एकेक करून मोठे करून पाहायला बसले. सुट्या फोटोत तो डाग कुणाच्या लक्षातही आला नसता. लव्हाळ्याची सावली म्हणा, भिंगावरचा बोटाचा ठसा म्हणा. आपला डोळा अशा गोष्टी सोडून देतो. पण फोन वेगळे, माणसं वेगळी, आणि ठसा मात्र एकाच जागी. त्या महिन्यात मीही बराच वेळ तिसऱ्याच खांबाशी असायची. कधी वाकलेली, कधी काठी घेऊन, कधी पाठमोरी. मी सारखी हलत होते म्हणून पुसली गेले होते.

ती रेघ हलत नव्हती.

४

आरोग्य केंद्रातल्या नर्सताई रोज पहिल्या बसनं जायच्या आणि रोज न चुकता फोटो टाकायच्या. वर काहीतरी लिहायच्या. त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, "आज दोघी लवकर कामाला लागल्यात."

मी खाली विचारलं, "दुसरी कोण, ताई? मी एकटीच असते."

त्यांनी हसरा चेहरा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बसथांब्यावर गेले. त्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"या, पाणीवाल्या मॅडम. आज कोरड्या?"

"ताई, काल दोघी म्हणालात."

"मग? तुम्ही आणि तुमची ती. असिस्टंट का कोण."

"मला कोण देतंय असिस्टंट?"

"मग विद्यार्थिनी असेल. तुम्ही आपल्या वाकून वाकून मरता आणि ती नुसती उभी. आमच्याकडे येतात ना शिकाऊ पोरी, अगदी तश्शी. रागवा की जरा. नुसती बघत राहते."

"काय बघते?"

ताईंनी थोडा विचार केला. "पाणी नाही बघत. तुमच्याकडेच बघते."

तेवढ्यात बस आली. पायरीवर चढता चढता त्या म्हणाल्या, "इतक्या लांबून चेहरा काय दिसतोय मॅडम, माझा आपला अंदाज. आणि बरं आहे की. एकटं राहण्यापेक्षा काय वाईट?"

बस गेली. बाक रिकामा झाला. मी खोबणीत माझा फोन टेकवला आणि पाहिलं. खांब, पाणी, तिसऱ्या खांबावर एक खंड्या. पाण्यात कुणीच नव्हतं. असणार कसं? मीच इकडे होते.

हे वाक्य मनात आलं, आणि मग मला मागे वळता येईना. दुसरी बस येऊन माणसं उतरेपर्यंत मी कठडा धरून तशीच उभी राहिले.

५

माझं शिक्षण असं की, शंका आली तर भिऊन चालत नाही, तपासून बघावं लागतं. मी पानावर लिहिलं की या आठवड्यात मी पाण्यात उतरणार नाही, तुम्ही मात्र जमतील तेवढे फोटो टाका. लोकांना मजा वाटली. कुणी विचारलं, सुट्टी का? कुणी म्हणालं, बेडकांना कळवलंत का?

मी खोलीत बसून राहिले. एक खिडकी, एक टेबल, गॅसची शेगडी. बाहेरून लोखंडी जिना. खाली पंपाचं दालन, आणि दालनाच्या मधोमध एक चौकोनी खड्डा. पूर्वी पंप त्यातून पाणी ओढायचा. खड्डा आतून पाणथळीला जोडलेला आहे. वर्षानुवर्षं त्यात तेलाचा काळा थर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना मला खालून आवाज आला. गमबुटात पाणी शिरलं की चालताना जो आवाज येतो, तो. दोन पावलं. मग काही नाही. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतल्यासारखं.

माझे गमबूट खिडकीत पालथे घातलेले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. चहा ओतला, प्यायले. खड्ड्यातली पातळी वाढली असेल, एखादं लाकूड भिंतीला आपटत असेल, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. बोलायला दुसरं कोण होतं?

भर उन्हाचं खाली गेले. दालनात कुणी नव्हतं. जमीन कोरडी होती. खड्ड्यात डोकावले तर थेट तळ दिसला. तेल कुठे गेलं कुणास ठाऊक. हिरवंगार शेवाळ संथ हलत होतं आणि त्यात माशांची पिल्लं.

एरवी मी नाचले असते.

६

आठवड्याचं स्थिरचित्र तयार झालं. तिसऱ्या खांबापाशी काही नव्हतं. रेघ पंपघराच्या पायथ्याशी होती, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली.

शेजारी मी खांबाचे आकडे उघडले. मी घरात बसले त्या दिवसापासून तिसऱ्या खांबाचा प्राणवायू उतरत गेला होता. चारवरून दोनावर.

वारा पडला असेल. गाळ ढवळला गेला असेल. एका आठवड्याच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. माझ्याकडे कुणी विद्यार्थी हे घेऊन आला असता तर मी त्याला हसून परत पाठवलं असतं. मीही स्वतःला तसं परत पाठवलं, पुन्हा आकडे काढले, पुन्हा मांडले. तेच.

संध्याकाळी आई म्हणाली, "मावशीच्या ओळखीत एका कॉलेजात जागा आहे. शिकवायचं. घरून येऊन-जाऊन. तू ये."

"पाहणी आहे गं महिनाअखेर."

"मग त्यानंतर ये."

"पाहणीत नापास झालो तर सगळं बुजवतील."

"बुजवू देत की. तू काय त्या पाण्याला नवस बोललीयस?" मग लगेच, "तुझा आवाज असा का येतोय? कुणी आलंय का?"

"नाही."

"मला वाटलं कुणीतरी बोललं."

मला जाता आलं असतं. पिशवी भरायला कितीसा वेळ लागतो? पहिली बस, नर्सताईंच्या शेजारची जागा, आणि संध्याकाळी आईच्या ओट्यापाशी. कुणी अडवलं नव्हतं. पण मी गेले तर ती दुसरीही माझ्याबरोबर येणार, हे मला कळलं होतं. आणि तिच्या मागोमाग या पाण्यातून काय काय निघून जाईल, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गमबूट घातले.

७

मी तिला कामाला लावलं. याहून वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

रोज उजाडलं की मी तिसऱ्या खांबापाशी जायची आणि लव्हाळ्याकडे पाठ करून उभी राहायची. काही करायची नाही. नुसती उभी. पहिले दोन दिवस मान ताठून दुखायला लागली, कारण मागे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. मग मान सैल झाली. आकडा हळूहळू चढत होता.

खंड्या आला. चतुर आले. एक पाणकोंबडी पिल्लांना घेऊन लव्हाळ्यातून बाहेर पडली, माझ्या उजव्या हाताशी आली आणि माझ्या मागून पलीकडे गेली. सरळ नाही गेली. पिल्लांची ती रांग आधी बाहेर वळली, एका माणसाएवढी जागा सोडून, आणि मग पुन्हा आत आली. कानाकोपऱ्यांतून बेडूक ओरडत होते. माझ्या पाठीशी मात्र एवढासा तुकडा गप्प होता.

पानावर आनंदीआनंद होता. लोक जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावून टाकत होते. कुणीतरी लिहिलं, "दोघींना सलाम." त्याखाली बरेच अंगठे. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

माझा आवाज मला फारसा ऐकू येईनासा झाला होता. एकदा आईचा फोन वाजत असताना मी पाण्यातच होते आणि फोन खिशातच होता, तरी मी घेतला नाही. आकडा साडेचारवर होता. हलले असते तर उतरला असता.

८

पाहणीला मुख्य अभियंता आले. बरोबर फाइल धरायला एक कारकून. सुट्टी असल्यानं नर्सताईही आल्या, आणखी चार बघे आले. आभाळ भरलेलं होतं, उकडत होतं.

काठावर उभं राहून मी साहेबांना सगळं समजावलं. खांब, सेन्सर, बसथांब्यावरची खोबण. बाकीच्या तीन खांबांचे आकडे त्यांनी कागदावर पाहिले आणि मान हलवली.

"तिसऱ्याचा मला आत्ता, समोर काढून दाखवा," ते म्हणाले. "सेन्सरचं काय, तुम्ही लावाल तसा तो बोलेल."

मी मीटर घेऊन उतरले. खांबापाशी जाऊन केबल सोडली. चार पॉइंट एक. सकाळपासून मी काठावर होते, म्हणजे तीही काठावरच होती. या माणसांच्या गर्दीत.

"किती?" कारकुनानं विचारलं.

"स्थिरावू द्या जरा."

"स्थिरावू द्या, स्थिरावू द्या," साहेब म्हणाले. "फक्त मला तीनला मीटिंग आहे."

बघे हसले. मी पाण्याकडे पाहत राहिले. मुदतीचा हा शेवटचा दिवस होता. दोन वर्षांचं माझं सगळं आयुष्य मीटरच्या त्या काचेच्या चौकटीत होतं, आणि त्यात चार पॉइंट एक लिहिलेलं होतं. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. आकडा तेवढा बदलला. चार पॉइंट चार.

ये, मी मनात म्हटलं. इतके दिवस मी हा शब्द उच्चारला नव्हता. ये. जवळ ये.

चार पॉइंट आठ. पाच.

"पाच," मी ओरडून सांगितलं.

"पाचाच्या वर हवाय मॅडम. पाच नको."

अजून जवळ.

पाच पॉइंट सहा. सहा. काठावर नर्सताईंनी टाळी वाजवली. साहेबांनी कारकुनाच्या पाठीवर फाइल ठेवली आणि खिशातून पेन काढलं. सात. मला वाटलं आता थांबेल. साडेसात. पेनात शाई उतरत नव्हती, साहेब ते झटकत होते. आठ. इतक्या कोमट पाण्यात, अशा झाकोळलेल्या दिवशी, याहून जास्त प्राणवायू राहत नाही. कुठल्याही पुस्तकात बघा. नऊ. साडेनऊ.

केबल माझ्या उजव्या हातात होती. ती खालून हळूच ताणली गेली आणि सैल झाली.

"आणखी किती उभं राहायचं?" मी विचारलं.

"एक मिनिट. तीन प्रतींवर सह्या आहेत."

डावा हात मी पाण्यात सोडलेला होता. त्याच्या बोटांना बोटं लागली. आधी टोकं, मग मधली पेरं, मग तळवा. थंड नव्हता. पाण्याइतकाच कोमट. घट्ट धरलं नव्हतं, लहान मूल रस्ता ओलांडताना धरतं तसं धरलं होतं. हात हिसकावला असता तर काठावर पोचायला दहा पावलं लागली असती, आणि साहेबांनी पेन थांबवून विचारलं असतं, काय झालं, आकडा का पडला?

मी हात तसाच ठेवला. दोन वर्षांत माझा हात कुणी धरला नव्हता.

पाणी इतकं नितळ झालं होतं की आता मान वळवायचीही गरज नव्हती, नुसतं खाली पाहिलं की पुरे. मी पाहिलं. माझे दोन गमबूट. त्यांच्या टाचांना लागून आणखी दोन पावलं, अनवाणी, बोटं माझ्याकडे. बोटांच्या फटींतून लव्हाळ्याची पांढरी कोवळी मुळं निघून गाळात उतरली होती. एक मूळ माझ्या डाव्या बुटावर चढलं होतं.

"झालं," साहेब काठावरून म्हणाले. "दरवाजा उघडा राहील. अभिनंदन."

बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. बंधाऱ्यावर बस दिसायला लागली तशी सगळी माणसं वर निघाली.

नर्सताई मागे राहिल्या. त्यांनी हात कपाळाशी धरून माझ्याकडे पाहिलं, मग जरा बाजूला, आणि हसल्या.

"चला की, बस आली. घरी फोन करा, आईला सांगा."

मी डावा बूट उचलून पाहिला नाही.

"तुम्ही पुढे व्हा, ताई," मी म्हणाले. "आम्ही थांबतो."